क्षेपणास्त्राच्या रडार सीकरची नोंद दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वास्को, फोंडा, म्हापसा, डिचोली अशा ठिकठिकाणी राहणारे आम्ही काही जण नौदल-युद्धाच्या संगणकीय सिम्युलेशनसाठी एक डेटाबेस सांभाळतो. जहाजं, विमानं, रडार, क्षेपणास्त्रं, सगळ्यांच्या नोंदी त्यात आहेत. रडार सीकरचा भाग माझ्याकडे आहे. दुरुस्त्या पाठवणाऱ्यांत कॉलेजची मुलं आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, बंदरात काम करणारे आहेत. बहुतेकांचे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो. दुरुस्ती पाठवण्याआधी निदान पहिले पाच-सहा प्रश्न तरी वाचा.

सीकरची नोंद म्हणजे नेमकं काय?

क्षेपणास्त्राच्या नाकात बसवलेलं, लक्ष्य शोधणारं आणि शेवटपर्यंत त्याच्यावर नजर ठेवणारं यंत्र म्हणजे सीकर. डेटाबेसमध्ये क्षेपणास्त्राची एक नोंद असते: वेग, पल्ला, उडण्याची उंची, स्फोटकं. सीकरची नोंद वेगळी असते आणि ती क्षेपणास्त्राला जोडलेली असते. सीकरच्या नोंदीत प्रकार, फ्रिक्वेन्सी, लक्ष्य सापडण्याचं अंतर, डावी-उजवीकडे किती अंश शोधतो, कधी चालू होतो, फसवणुकीला किती बळी पडतो, या गोष्टी येतात.

एकच सीकर कधी कधी तीन-चार क्षेपणास्त्रांना जोडलेला असतो. एका क्षेपणास्त्रासाठी केलेला बदल बाकीच्यांनाही लागतो. म्हणून बदल सुचवण्याआधी तो सीकर आणखी कुठे जोडलाय ते बघा.

एखादा आकडा इकडेतिकडे झाला तर एवढं काय बिघडतं?

पल्ल्याचा आकडा पाच-दहा टक्के चुकला तर खेळ चालून जातो. सीकरचा प्रकार चुकला तर अख्खी लढाई खोटी होते.

तलवार वर्गाच्या फ्रिगेटचं बघा. तिच्यावरचं 'श्तिल' हे विमानविरोधी क्षेपणास्त्र अर्धसक्रिय आहे. त्याचा सीकर स्वतः लहरी सोडत नाही. जहाजावरचं रडार लक्ष्यावर झोत टाकतं आणि लक्ष्यावरून परत आलेल्या लहरींच्या मागे क्षेपणास्त्र जातं. तलवार वर्गावर असे झोत टाकणारे 'ओरेख' रडार चार आहेत, दिल्ली वर्गाच्या विनाशिकांवर सहा. एक झोत एका वेळी एकाच लक्ष्यावर पडतो, आणि जहाज ज्या बाजूला वळलेलं आहे त्यानुसार चारही झोत एकाच दिशेला उपयोगी पडतीलच असं नाही.

आता कोणी श्तिलच्या सीकरपुढे 'सक्रिय' अशी खूण केली की झोतांचं बंधनच उडतं. जहाज वाटेल तेवढ्या लक्ष्यांवर एकदम मारा करू लागतं. खेळणारा म्हणतो, वा, काय जहाज आहे! आणि एकाच वेळी अनेक बाजूंनी आलेल्या हल्ल्यापुढे असं जहाज का कोलमडतं, हे समजून घेण्याची त्याची संधी जाते. आमच्या दृष्टीने सिम्युलेशनचा उपयोगच तिथे आहे.

उलट बाजूने, 18 डिसेंबर 2022 ला नौदलात आलेली 'आयएनएस मोरमुगाओ' घ्या. आपल्या मुरगाव बंदराचं नाव असलेली ही विनाशिका मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधली गेली. तिच्यावरच्या बराक-8 चा सीकर सक्रिय आहे, शेवटच्या टप्प्यात तो स्वतःच लक्ष्य शोधतो. त्याला अर्धसक्रिय लिहिलं तर जहाजावर नसलेले झोत संगणक शोधत बसतो आणि क्षेपणास्त्र सुटतच नाही.

सगळ्यांत जास्त चुका कोणत्या प्रकारात येतात?

ज्या क्षेपणास्त्राला सीकरच नाही त्याला सीकर चिकटवण्यात. बराक-1 हे त्याचं नेहमीचं उदाहरण. आता निवृत्त झालेल्या 'विराट' वर आणि दिल्ली वर्गावर बसवलेलं हे छोटं क्षेपणास्त्र जहाजावरचं रडार रेडिओ-आज्ञा देऊन नेतं, त्याच्या नाकात लक्ष्य शोधणारं काहीच नाही. पण नाव बराक-8 सारखं, त्यामुळे लोक बराक-8 ची नोंद उचलून लहान आकडे घालतात.

दुसरी चूक, एकाच कुटुंबातल्या भावंडांची अदलाबदल. रशियन आर-27 घ्या. आर-27आर अर्धसक्रिय रडारवर चालतं, आर-27टी उष्णतेवर. बाहेरून पाहिलं तर नाक सोडून सगळं सारखं. फ्रेंच मिकाचंही तसंच, एक रडारचं आणि एक उष्णतेचं. नावातलं शेवटचं अक्षर वाचल्याशिवाय सीकर जोडू नका.

तिसरा प्रकार निष्क्रिय सीकरचा: शत्रूच्या रडारच्याच लहरींवर जाणारी क्षेपणास्त्रं, जसं रशियन केएच-31पी किंवा आपलं रुद्रम. त्यांना 'लक्ष्य सापडण्याचं अंतर' हा रकाना सक्रिय सीकरसारखा भरता येत नाही. समोरचं रडार किती जोरात बोलतंय त्यावर सगळं अवलंबून.

एका ठिकाणी सीकरचा पल्ला 20 किलोमीटर लिहिलाय, दुसरीकडे 40. खरं कोणतं धरायचं?

दोन्ही खरे असू शकतात. आकडा कशासाठीचा आहे ते आधी विचारा. सीकरच्या दुरुस्तीत मला सगळ्यांत जास्त हेच सांगावंसं वाटतं. ज्या आकड्याला 'कोणत्या लक्ष्यासाठी, किती उंचीवरून, कशा समुद्रात' हे तीन प्रश्न विचारलेले नाहीत, तो आकडा डेटाबेसमध्ये घालण्यालायक नाही.

लक्ष्य रडारला किती 'मोठं' दिसतं ते चौरस मीटरमध्ये मोजतात. त्याचा आणि अंतराचा संबंध सरळ नाही. लक्ष्य सोळापट मोठं झालं तेव्हा कुठे सापडण्याचं अंतर दुप्पट होतं. हिशोबाला समजा, निर्मात्याच्या पत्रकातले 20 किलोमीटर 1000 चौरस मीटरच्या युद्धनौकेसाठी आहेत. तोच सीकर 50 चौरस मीटरच्या ट्रॉलरला साडेनऊ किलोमीटरवर पकडेल. लक्ष्य विसावा भाग झालं तरी अंतर जेमतेम निम्मं झालं. म्हणजेच खारीवाडा किंवा कुटबणच्या मासेमारी धक्क्यावरून निघालेला ट्रॉलर सीकरच्या नजरेतून सुटतो, असं अजिबात नाही.

डेटाबेसमध्ये आम्ही एक ठराविक प्रमाण-लक्ष्य धरतो आणि सगळे आकडे त्यावर आणून ठेवतो. तुमच्या आधारात लक्ष्याचा आकार दिला असेल तर तसाच लिहून पाठवा, गणित आम्ही करू. दिला नसेल तर 'लक्ष्य सांगितलेलं नाही' असं स्पष्ट लिहा. ती माहितीसुद्धा मोलाची आहे.

पत्रकात 60 किलोमीटर लिहिलंय आणि क्षेपणास्त्र समुद्राला घासून जातं. हे जमतं का?

सीकरची ताकद असेलही, पण पृथ्वी गोल आहे. रडारच्या क्षितिजाचं सूत्र सोपं आहे: दोन्ही उंचींची मीटरमधली वर्गमुळं काढा, बेरीज करा, 4.12 ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं.

क्षेपणास्त्र 4 मीटरवर उडतंय आणि जहाजाचा दिसण्याजोगा भाग 25 मीटर उंच आहे: 2 अधिक 5, म्हणजे 7. गुणिले 4.12, साधारण 29 किलोमीटर. त्यापलीकडे जहाज क्षितिजाखाली. तेच लक्ष्य 4 मीटर उंचीची गस्ती होडी असेल तर 16 किलोमीटर. हे समीकरण वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, निम्म्या वादांचा निकाल तिथेच लागतो.

म्हणून 60 चा आकडा खोटा ठरवू नका, त्याला योग्य रकाना द्या. बरीच क्षेपणास्त्रं शेवटच्या टप्प्याआधी वर उसळतात, आजूबाजूला बघून घेतात आणि परत खाली येतात. ती उसळी क्षेपणास्त्राच्या उड्डाण-नोंदीत नसेल तर सीकरचा पल्ला वाढवून काही उपयोग नाही, आणि असेल तर 60 बरोबर ठरू शकतो. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघा.

सीकर किती अंशात शोधतो याला इतकं महत्त्व का?

क्षेपणास्त्र सुटल्यावर जहाज थांबून राहत नाही, म्हणून. या एका रकान्यासाठी थोडा वेळ काढा.

एक्झोसेट या फ्रेंच जहाजविरोधी क्षेपणास्त्राच्या जातीचं, सेकंदाला सुमारे 300 मीटर जाणारं क्षेपणास्त्र 120 किलोमीटरवरून सोडलं. पोचायला 400 सेकंद. तेवढ्यात 30 नॉट्सने पळणारं जहाज सहा किलोमीटरहून थोडं अधिक सरकतं. वाटेत नवी माहिती मिळत नसेल तर क्षेपणास्त्र जुन्या जागेकडेच जातंय. सीकर 12 किलोमीटर आधी चालू झाला असं धरा. जहाज आडवं पळालं असेल तर ते आता नाकाच्या रेषेपासून साधारण 27 अंश बाजूला आहे. नोंदीत शोधकोन दोन्ही बाजूंना 15 अंश असेल तर क्षेपणास्त्र रिकाम्या पाण्यावरून निघून जाणार. 45 अंश असेल तर सापडणार.

आता ब्रह्मोस घ्या. सेकंदाला 900 मीटर धरले तर तेच 120 किलोमीटर सव्वादोन मिनिटांच्या आत संपतात, जहाज दोनेक किलोमीटर सरकतं. सीकर 20 किलोमीटरवर चालू झाला तर जहाज नाकापासून फक्त सहा अंश बाजूला. म्हणजे वेगवान क्षेपणास्त्राला अरुंद शोधकोन चालतो, संथ क्षेपणास्त्राला चालत नाही. पूर्वी कोणीतरी ब्रह्मोसच्या नोंदीतून संथ क्षेपणास्त्रासाठी सीकर नकलून घेतला असेल, तर खेळात ते क्षेपणास्त्र विनाकारण नालायक ठरत असेल. अशी जोडी दिसली तर कळवा.

शोधकोन फार मोठा केल्याचाही तोटा आहे. गोव्याच्या किनाऱ्यासमोरच्या प्रसंगात (म्हणजे खेळात रचलेल्या लढाईत) मालिम, खारीवाडा, कुटबणहून निघालेले ट्रॉलर पाण्यात असतात. रुंद कोनात शोधणारा, लवकर चालू होणारा सीकर आधी भेटेल ते पकडतो. मे 1982 मध्ये फॉकलंडजवळ युद्धनौकांवर सोडलेली एक्झोसेट भरकटून 'अटलांटिक कन्व्हेयर' या मालवाहू जहाजावर जाऊन आदळली. खेळात मच्छीमारांचा जीव जाणार की नाही, हे पुष्कळदा या एका रकान्यावर ठरतं. सीकर चालू होण्याचं अंतर आणि शोधकोन ही जोडी आम्ही इतक्या बारकाईने तपासतो, त्याचं कारण हे.

बँडच्या अक्षरांचा गोंधळ कसा टाळायचा?

अक्षर पाठवूच नका, गिगाहर्ट्झ पाठवा. जगात दोन पद्धती एकदम चालतात. अभियंत्यांच्या पद्धतीत एक्स म्हणजे 8 ते 12 गिगाहर्ट्झ आणि केयू म्हणजे 12 ते 18. नाटोच्या पद्धतीत आय म्हणजे 8 ते 10 आणि जे म्हणजे 10 ते 20. त्यामुळे 'जे बँड' लिहिलेला सीकर एक्सच्या वरच्या टोकाला असू शकतो किंवा केयूमध्येही. एल या अक्षराचं तर फारच वाईट: एका पद्धतीत 1 ते 2 गिगाहर्ट्झ, दुसऱ्या पद्धतीत 40 ते 60.

याचा परिणाम जहाजावर होतो. शत्रूच्या लहरी ऐकणारं ईएसएम यंत्र ठराविक फ्रिक्वेन्सीपर्यंतच ऐकतं. समजा ते 18 गिगाहर्ट्झपर्यंत ऐकतं आणि तुम्ही सीकरला 35 गिगाहर्ट्झवर ठेवलंत, तर येणाऱ्या क्षेपणास्त्राची चाहूलच लागत नाही. चॅफ (रडारला फसवायला हवेत उधळतात त्या धातूच्या बारीक पट्ट्या) उडत नाही, तोफा वळत नाहीत. एका अक्षरापायी जहाज बुडतं.

ईएसएमने ऐकलं म्हणजे वाचलोच असंही नाही, हे जाता जाता सांगतो. 4 मे 1982 ला फॉकलंड युद्धात 'शेफिल्ड' या ब्रिटिश युद्धनौकेवर एक्झोसेट आदळलं तेव्हा जहाजाचा उपग्रह-संपर्क चालू होता आणि त्याने ईएसएममध्ये अडथळा येत होता. जवळच्या 'ग्लासगो' ने मात्र हल्लेखोर विमानाचं रडार ऐकलं होतं.

आकडा खरा वाटतोय, पण खात्री नाही. घरच्या घरी तपासायची काही युक्ती?

आहे. क्षेपणास्त्राचा व्यास बघा. अँटेना अंगाच्या व्यासापेक्षा मोठी असू शकत नाही, आणि झोताची रुंदी अँटेनावर ठरते. लहरीची लांबी भागिले अँटेनाचा व्यास, गुणिले 70: उत्तर अंशांत येतं, अंदाजाला पुरेसं.

डर्बी या इस्रायली हवाई क्षेपणास्त्राचा व्यास 16 सेंटीमीटर. अँटेना 15 धरू. 3 सेंटीमीटरची लहर असती तर झोत 14 अंश रुंद झाला असता. त्या लहरीसाठी कोणी 3 अंशांचा झोत लिहून पाठवला तर तो चूकच, विचार करण्याची गरज नाही. 34 सेंटीमीटरच्या हार्पून या अमेरिकन जहाजविरोधी क्षेपणास्त्रामध्ये 30 ची अँटेना आणि पावणेदोन-दोन सेंटीमीटरची लहर धरली तर चार ते पावणेपाच अंश येतात, ते पटतं. 76 सेंटीमीटरचं जुनं सोव्हिएत जहाजविरोधी क्षेपणास्त्र पी-15 दिसायला राक्षसी होतं, त्यात मोठी अँटेना मावत होती, पण आतली इलेक्ट्रॉनिक्स त्या काळातली. मोठं नाक म्हणजे हुशार सीकर नव्हे.

व्यास हा जाहीर माहितीतला सगळ्यांत भरवशाचा आकडा असतो. फोटोवरूनही पडताळता येतो.

चॅफ आणि जॅमिंगला किती बळी पडतो हे कशावरून ठरवता?

इतिहासावरून आणि काळावरून. या रकान्यात नेमका आकडा कोणाकडेच जाहीर नसतो, म्हणून आम्ही पिढ्या पाडल्या आहेत.

पी-15 चीच गोष्ट घ्या. 21 ऑक्टोबर 1967 ला इजिप्तच्या छोट्या होड्यांनी त्याने इस्रायलची 'एलात' ही विनाशिका बुडवली. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री आपल्या 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या बोटींनी कराचीसमोर त्यानेच 'खैबर' आणि 'मुहाफिझ' बुडवल्या. आणि 1973 मध्ये लाताकियाच्या लढाईपासून इस्रायली नौदलाने चॅफ आणि जॅमिंग (रडारला गोंधळवणाऱ्या लहरी) वापरून त्याच क्षेपणास्त्राला निष्प्रभ केलं. क्षेपणास्त्राचं कुटुंब तेच, पण समोरच्याला त्याचा सीकर कसा शोधतो ते कळलं होतं आणि त्याने तयारी केली होती.

म्हणून 1971 च्या प्रसंगात पी-15 फार मारा करतं म्हणून त्याचा सीकर सुधारून देऊ नका, आणि 1973 मध्ये हरतं म्हणून बिघडवू नका. नोंद एकच ठेवायची. फरक समोरच्या जहाजावरच्या चॅफमध्ये आणि ईएसएममध्ये दिसला पाहिजे. 1971 ची निकालाची तक्रार बहुतेक वेळा सीकरची नसून पाकिस्तानी जहाजांच्या नोंदीची असते.

पावसाळ्याचा परिणाम सीकरच्या नोंदीत घालायचा का?

नोंदीत नाही, हवामानात. पण फ्रिक्वेन्सी बरोबर असल्याशिवाय हवामान बरोबर काम करत नाही. तासाला 25 मिलिमीटरचा पाऊस पडत असताना 10 गिगाहर्ट्झची लहर एका किलोमीटरला अर्धा ते पाऊण डेसिबल गमावते, 35 गिगाहर्ट्झची सहाच्या आसपास. दहा किलोमीटर जाऊन परत यायचं असेल तर पहिली तगते, दुसरी मेली. जुलैतला गोव्याचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. उसळलेल्या समुद्राचा गोंगाटही खालून उडणाऱ्या सीकरला त्रास देतो.

जून-जुलैचा प्रसंग रचत असाल तर ट्रॉलर काढून टाका. 1 जून ते 31 जुलै गोव्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. पाण्यावर गर्दी नसली की रुंद शोधकोनाचा सीकरही योग्य लक्ष्यावर जाण्याची शक्यता वाढते, त्यामुळे त्याच प्रसंगाचा ऑगस्टमधला निकाल वेगळा लागतो.

एकाच विमानाला दोन वेगळे सीकर दिसतात. चूक आहे का?

आधी वर्ष बघा. दाबोळीच्या 'आयएनएस हंसा' या नौदल हवाई तळावरची सी हॅरियर 1983 पासून 2016 पर्यंत होती. सुरुवातीला तिच्यावर ब्लू फॉक्स रडार, हवाई लढाईला उष्णतेवर जाणारं मॅजिक, जहाजांवर सक्रिय रडारचं सी ईगल. नंतरच्या सुधारणेत इस्रायली रडार आणि डर्बी आलं. त्यामुळे 1990 च्या प्रसंगात सी हॅरियर दृष्टीपलीकडच्या विमानावर सक्रिय क्षेपणास्त्र सोडत असेल तर चूक, 2010 च्या प्रसंगात नाही. सगळी विमानं एकाच दिवशी सुधारली जात नाहीत, म्हणून आम्ही दोन नोंदी ठेवतो आणि काही वर्षं दोन्ही चालू दाखवतो.

ब्रह्मोसलाही हे लागू आहे. 22 मार्च 2018 ला पोखरणला भारतीय बनावटीच्या सीकरसह त्याची चाचणी झाली. चाचणी झाली म्हणजे त्या दिवसापासून सगळी क्षेपणास्त्रं बदलली असं नव्हे. चाचणीची तारीख आणि सेवेत येण्याची तारीख हे दोन वेगळे रकाने आहेत.

1961 च्या गोवा मुक्तीच्या प्रसंगात सीकर कोणते घालू?

कोणतेच नाहीत. 18 डिसेंबर 1961 ला मुरगावच्या तोंडाशी 'बेतवा' आणि 'बियास' यांची पोर्तुगीज 'अफोंसो द अल्बुकर्क' शी गाठ पडली ती तोफांची होती.

आधार म्हणून काय चालतं?

निर्मात्याचं पत्रक, सरकारी प्रसिद्धीपत्रक, संसदेतलं उत्तर, छापील संदर्भग्रंथ, जाहीर झालेले चौकशी अहवाल, प्रदर्शनातल्या फलकाचा वाचता येईल असा फोटो. पत्रक विकायला छापलेलं असतं, त्यामुळे त्यातला पल्ला ही वरची मर्यादा समजा.

चालत नाही ते: दुसऱ्या खेळातला आकडा, फॉरवर्ड झालेला मेसेज, वाहिनीवरच्या चर्चेत कोणी जोरात बोललेलं. पाच संकेतस्थळांवर एकच आकडा असला तरी ते पाच आधार होत नाहीत, शब्द सारखे असतील तर सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून उचललाय. मूळ शोधा.

माझे मामा शिपयार्डात आहेत, शेजारचे काका नौदलातून निवृत्त झालेत. त्यांना विचारून सांगू का?

नको. हे कळकळीने सांगतो. वास्को-दाबोळी भागात अर्ध्या घरांत कोणीतरी तळावर, शिपयार्डात नाहीतर बंदरात असतं. चवथीला घरी सगळे जमले की विषय निघतो, पोरं उत्साहाने विचारतात. मामांना अडचणीत आणू नका. शासकीय गुपिते अधिनियम 1923 पासून लागू आहे आणि 'फक्त खेळासाठी विचारलं' ही सबब तिथे चालत नाही.

आतून आलेला आकडा बरोबर असला तरी आम्ही घेत नाही, वाचल्याबरोबर काढून टाकतो. तळाचे, धावपट्टीचे, गोदीत उभ्या जहाजांचे फोटोही पाठवू नका. काकांकडून शिकायचंच असेल तर जाहीर गोष्टी विचारा: अर्धसक्रिय म्हणजे काय, क्षितिज कसं काढतात, समुद्र खवळला की रडारच्या पडद्यावर काय दिसतं. हे ज्ञान गुप्त नाही, आणि काकांनाही सांगायला आवडेल. बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय तर सगळ्यांना खुलं आहे. सी हॅरियर तिथे जवळून बघून या.

आकडा सापडतच नाही. अंदाजाने भरू का?

अंदाज चालतो, लपवलेला अंदाज चालत नाही. त्याच काळातल्या, त्याच देशाच्या, तेवढ्याच व्यासाच्या सीकरवरून आकडा काढा, कशावरून काढला ते लिहा आणि 'अंदाज' अशी खूण करा. पुढे खरा आधार मिळाला की त्या खुणेवरून आम्हाला जागा लगेच सापडते. बिनखुणेचा अंदाज दोन वर्षांनी पक्की माहिती म्हणून दुसरीकडे नकलला जातो, मग त्याचा माग काढता काढता जीव जातो.

दुरुस्ती कशी लिहून पाठवायची?

चार गोष्टी पुरे: नोंद कोणती, आत्ता काय आहे, काय हवं, कशावरून. शक्य असेल तर पाचवी: खेळात काय बदलेल. नमुना असा:

'नोंद: बराक-1. आत्ता: सक्रिय रडार सीकर, शोध अंतर 5 किमी. हवं: सीकर नाही, जहाजावरच्या रडारकडून आज्ञा-मार्गदर्शन. आधार: निर्मात्याचं पत्रक, पान जोडलंय. परिणाम: मार्गदर्शक रडार निकामी झालं तर क्षेपणास्त्र सोडता येणार नाही. आत्ता ते सुटतं.'

असा मजकूर आला की तपासायला एक संध्याकाळ पुरते. 'बराक चुकीचं आहे, बघा जरा' असा आला तर आठवडा जातो. मराठीत लिहा, कोकणीत लिहा, फोनवर बोलून पाठवलंत तरी ऐकतो. एका दुरुस्तीत एकच नोंद ठेवा, म्हणजे एक अडली तरी बाकीच्या पुढे जातात.

क्षेपणास्त्राची सगळी नावं द्या. केएच-35, उरान, एसएस-एन-25 आणि स्विचब्लेड ही चार नावं एकाच कुटुंबाची आहेत, आणि डेटाबेसमध्ये त्यांच्या दोन नोंदी होण्याचं कारण बहुतेक तेच असतं.

गणितात कच्चा आहे, इंग्रजीही बेताचं. मला जमेल का?

वर्गमूळ काढता येतं ना? मग क्षितिज येतं, आणि क्षितिज आलं की निम्म्या नोंदी तपासता येतात. जोडलेल्या क्षेपणास्त्रांची यादी ताडून बघणं, वर्षं जुळवणं, एकाच क्षेपणास्त्राच्या दोन नोंदी शोधणं, यात इंग्रजी फारसं लागत नाही आणि अशा कामाला माणसं कमी पडतात.

दुरुस्ती झाली आणि माझा जुना प्रसंग बिघडला. आता?

आधी कशामुळे बिघडला ते बघा. बऱ्याचदा जुना प्रसंग चुकीच्या सीकरला धरूनच तोललेला असतो. श्तिल सक्रिय असताना तीन जहाजं पुरत होती, आता पाच लागतात. अशा वेळी जहाजं वाढवा किंवा हल्ला कमी करा, सीकर मागे नेण्याची मागणी करू नका. दुरुस्तीच चुकीची वाटत असेल तर वरच्याच चार ओळींत लिहून पाठवा, उलट बाजूचा आधार जोडा, दोन्ही आधार शेजारी ठेवून परत तपासू.

प्रत्येक आवृत्तीसोबत बदललेल्या सीकरची यादी आणि ते कोणकोणत्या क्षेपणास्त्रांना जोडलेले आहेत ते देतो. जुन्या आवृत्त्याही काढून टाकत नाही. प्रसंग जुन्यावरच चालवायचा असेल तर फाइलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक लिहा, म्हणजे तुमच्याकडून घेऊन खेळणाऱ्याला निकाल वेगळा का आला ते कळेल.